दहा रागांची कुंडी

आमच्या वर्ध्याच्या घराच्या गॅलरीत एक काळी कुंडी आहे. कडा करंजीच्या मुरडीसारख्या, बूड सपाट, आणि बुडाच्या बरोबर मध्यभागी पाणी झिरपायला एक भोक. हे भोक मी पाडलेले नाही. ते कंपनीनेच पाडून दिलेले होते. बाकीची कुंडी मात्र माझी. नववीत असताना कार्यानुभवाच्या तासासाठी मी ती केली आणि मला 'अ' श्रेणी मिळाली. त्यानंतर बी.कॉम. होईपर्यंत आणि पुढे बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षांतही 'अ' हे अक्षर माझ्या वाट्याला फक्त 'अनुत्तीर्ण' या शब्दाच्या सुरुवातीला आले.

कृती सोपी आहे. एक लाँगप्ले रेकॉर्ड घ्यावी. मोठ्या पातेल्यात पाणी उकळावे. रेकॉर्ड त्यात बुडवून धरली की थोड्या वेळात ती पापडासारखी लवते. मग ती चटकन उपड्या डब्यावर घालावी आणि कडा हाताने मुरडाव्यात. गार झाली की कुंडी. भाजलेल्या बोटांना बर्नॉल लावावे. 1994 साली ही कृती मी कुठल्याशा मासिकाच्या 'टाकाऊतून टिकाऊ' सदरात वाचली. घरात टेपरेकॉर्डर आलेला होता, रेकॉर्डी माळ्यावर गेल्या होत्या, आणि टाकाऊ काय नि टिकाऊ काय हे ठरवण्याचे काम चौदा वर्षांच्या मुलाकडे आले होते.

प्रश्न एवढाच होता की रेकॉर्ड कोणती घ्यावी. बाबांच्या पेटीत साठेक होत्या. नाट्यगीतांना हात लावला असता तर कुंडीऐवजी माझ्याच कडा मुरडल्या गेल्या असत्या. भीमसेन, कुमार, किशोरीताई हे देवघरातलेच. मी तेव्हा वाणिज्य शाखेला जायचा होतो, पण वाणिज्य रक्तात असावे. मी हिशेब केला की जी रेकॉर्ड बाबा कधीच लावत नाहीत, तिची पुस्तकी किंमत शून्य. अशी पेटीत एकच होती. 'डिस्क कंपनी'ची.

आता ही डिस्क कंपनी काय भानगड आहे ते सांगण्यासाठी 1983 सालापर्यंत मागे जावे लागेल. मी त्या वेळी तीन वर्षांचा होतो, म्हणजे साक्षीदार म्हणून माझी किंमत नाही. पण ही हकीकत आमच्या घरात इतक्या पाहुण्यांसमोर इतक्या वेळा सांगितली गेली आहे की कोर्टात शपथेवर सांगायलाही मी कचरणार नाही.

बाबा शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवीत. खादी घालीत, पण ती विचाराने कमी आणि वर्ध्यात राहतो म्हणून जास्त. त्या वर्षी पगाराची थकबाकी मिळाली आणि बोर्डाचे पेपर तपासण्याच्या कामासाठी त्यांना नागपूरला जावे लागले. खिशात थकबाकी आणि समोर सीताबर्डी, म्हणजे पुढचे सांगायला नको. एका दुकानात त्यांना एक नवी लाँगप्ले दिसली. पाठीवर रागांची यादी होती. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. उलट बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. एका तबकडीत दहा राग! कलावंताचे नाव चरणजीत सिंग. बाबांनी मनाशी पंजाब घराणे ठरवून टाकले. नाव इंग्रजीत होते, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. सिंथेसिस म्हणजे संश्लेषण, तेव्हा माणूस व्यासंगी दिसतो. आणि 'डिस्को'? बाबांनी संस्कृतच्या सवयीने संधी सोडवला. डिस्क अधिक को. 'को' म्हणजे कंपनी. डिस्क कंपनी! 'बीट' या शब्दाचा उलगडा त्यांनी घरी जाऊन शब्दकोशात करायचे ठरवले. दुकानात वाजवून बघता आली असती, पण शेवटची एसटी चुकली असती. किंमत किती पडली ते त्यांनी आईला आजपर्यंत सांगितलेले नाही.

रविवारी संध्याकाळी मंडळी जमली. डॉक्टर आले, पोस्टमास्तर आले, तबल्याचे गुरुजी आले. आईने सांबारवड्या केल्या होत्या. बाबांनी फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरचे झाकण उघडले, रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली आणि मांडी घालून डोळे मिटले.

आधी 'ढप् ढप् ढप् ढप्' असा आवाज सुरू झाला. बाबांनी एक डोळा उघडला. मग खालून कुठून तरी, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली चप्पल उपटताना येतो तसा एक चिकट, ओला, गोल आवाज येऊ लागला आणि तो सुरात होता. तो वर चढे, खाली घसरे, पुन्हा रुते. त्याच्यावर कुणीतरी बारीक शिट्टीत भैरवीचे स्वर घेत होते.

"वेग चुकला असंल," डॉक्टर म्हणाले. तेहतीसवरून पंचेचाळीसवर नेली. चप्पल जास्त जोरात उपटली जाऊ लागली. पुन्हा तेहतीसवर आणली. पोस्टमास्तर म्हणाले, त्यांच्याकडे ट्रंक कॉल लागायच्या आधी असेच वाजते. फक्त तबल्याचे गुरुजी मान डोलवीत होते. "ठेका कोणाचा आहे हो, सर? एक मात्रा हलून नाही राहिला हा माणूस. हात पाहा कसा पक्का आहे."

डॉक्टरांचा मुलगा नागपूरला इंजिनिअरिंगला होता. तो कव्हर वाचत म्हणाला, "गुरुजी, माणूस नाही तो. मशीन आहे."

गुरुजींनी मान डोलवणे थांबवले. थोडा वेळ ते नुसते बसून राहिले. मग टोपी घेतली, सांबारवडीची बशी न संपवता खाली ठेवली आणि उठले. "बरं आहे," म्हणाले, "हे जेवायलाही नाही मागणार." आणि गेले.

बाबांचे दुःख निराळेच होते. भैरवी! भैरवीने मैफल संपते. या माणसाने भैरवीनेच सुरुवात केली होती, म्हणजे मैफल सुरू व्हायच्या आधीच उठून जायला हवे. भैरवी सकाळची, तिच्यामागे ललत पहाटेचा, मग भूपाळी रात्रीचा, लगेच तोडी पुन्हा सकाळची आणि मधुवंती दुपार कलल्यावरची. पंचवीसेक मिनिटांत सूर्याची इतकी ओढाताण आमच्या दिवाणखान्यात त्यापूर्वी कधी झाली नव्हती. तेव्हापासून आमच्या घरात फसलेल्या खरेदीला 'डिस्क कंपनी' म्हणतात. आईने फेरीवाल्याकडून घेतलेली न फिटणारी शेगडीची जाळी डिस्क कंपनी. मी घेतलेला पहिला म्युच्युअल फंडही डिस्क कंपनी.

आता थोडे गंभीर होतो. बँकेत गंभीर होण्याचे मला पैसे मिळतात, इथे ते मी फुकट करतो आहे.

तबकडी या वस्तूशी आपल्या मुलखाचे नाते जुने आहे. एमिल बर्लिनरने 1887 मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले, पण त्याची तबकडी पुढे जगभर चालली ती आपल्या जिवावर. जुन्या अठ्ठ्याहत्तर वेगाच्या रेकॉर्डीत दगडाची भुकटी आणि काजळी असे, तुटू नये म्हणून कापसाचे तंतू असत आणि हे सगळे धरून ठेवायला लाख असे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक किडा जी राळ सोडतो ती. ही लाख जगाला पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान होता. पळस आणि कापूस! आमच्या जिल्ह्यात शिवारातून नुसते चालत गेले तरी अर्धी रेकॉर्ड पायाखाली येते. फक्त गाणे तेवढे बाहेरून आणायचे.

ते गाणे गोळा करायला 1902 साली फ्रेड गायसबर्ग नावाचा माणूस लंडनहून कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानला गाऊन घेतले. कर्ण्यात तोंड घालून गायचे, तीन मिनिटांत संपवायचे, आणि शेवटी आपले नाव इंग्रजीत ओरडून सांगायचे. नाव कशासाठी, तर तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिराला ही कुणाची ते कळावे म्हणून. म्हणजे आपली लाख समुद्र ओलांडून तिकडे, आपले गाणे तिकडे, आणि दोन्ही एकत्र होऊन पुन्हा आपल्याकडेच विकायला. 1908 मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला तेव्हा हा प्रवास थांबला. ज्याला बँकेत 'राउंड ट्रिपिंग' म्हणतात आणि ज्यासाठी हल्ली चौकशी लागते, ते एकेकाळी ख्याल-ठुमरीच्या बाबतीत राजरोस चालत असे.

त्या तीन मिनिटांनी जाणकार फार चिडले होते. ज्या ख्यालाला तंबोरा जुळवायलाच तीन मिनिटे लागतात, तो तीन मिनिटांत संपवायचा म्हणजे काय! हे संगीत नव्हे, अशी तेव्हाही कुरकूर होती. पण त्याच तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व माझ्या आजोबांपर्यंत पोचले. यंत्राला नाव ठेवून त्याच यंत्रावर वाढणे ही आपली जुनी रीत आहे. यंत्राबद्दल सगळ्यात कडक बोलणारे गृहस्थ तर 1936 पासून आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर सेवाग्रामला राहत. पण त्यांनीही 1931 साली गोलमेज परिषदेला लंडनला गेले असताना कोलंबिया कंपनीसाठी रेकॉर्ड भरली होती. दोन बाजूंची. विषय ईश्वर. ईश्वरालासुद्धा मधे एकदा उलटवावे लागे.

1948 साली अमेरिकेत लाँगप्ले आली. लाख गेली, व्हिनाइल आले, आणि एका बाजूला तीनऐवजी वीस-बावीस मिनिटे मावू लागली. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. शेतात ओलिताला जो पाइप टाकतात, त्याची ही सख्खी बहीण. एक शाळा शिकली, एक शेतात राहिली, एवढाच फरक.

आता वळतो त्या चिखलातल्या चपलेकडे. विजेवर वाजणारे संगीत हा पाश्चात्त्यांचा उद्योग आहे असे मी समजत होतो. ते खरे नाही. अमेरिकेत रॉबर्ट मूगने 1964 च्या सुमारास आपला सिंथेसायझर केला, आणि पाचच वर्षांनी, 1969 मध्ये, तसले एक यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन बसले. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ते बसवून दिले. गीता साराभाई आणि आणखी चार-पाच मंडळींनी 1972 पर्यंत त्यावर ध्वनिफिती केल्या. मग यंत्र थंडावले आणि फिती कपाटात गेल्या. 2023 साली त्यांतल्या निवडक फिती इंग्लंडमधून प्रसिद्ध झाल्या, तेव्हा जगाला कळले की आपल्या शेजारच्या राज्यात हे चालले होते. सरकारी संस्थेच्या कपाटातून पन्नास वर्षांनी वस्तू जशीच्या तशी निघते, हे कपाटांच्या बाजूने एक चांगले प्रमाणपत्र आहे.

पण ते अभ्यासू लोकांचे काम. मुंबईत मात्र यंत्र पोटापाण्याला आले. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सिंथेसायझर आणला. आमच्या विदर्भाचाही हात होता. 'राम-लक्ष्मण' यांतले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, मूळचे अॅकॉर्डियनवाले. आणि चरणजीत सिंग हे याच गर्दीतले. बास गिटार वाजवीत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या सगळ्यांकडे त्यांनी वाजवले. तुम्ही-आम्ही त्यांना शेकडो वेळा ऐकलेले आहे, फक्त नाव ऐकलेले नाही. हेही बँकेसारखेच. सही साहेबांची, नोंद आमची. एरवी ते चित्रपटगीतांच्या धुनांच्या रेकॉर्डी काढीत आणि स्वतःचा वाद्यवृंद घेऊन लग्नसमारंभांत वाजवीत.

1980 मध्ये 'कुर्बानी' आला, 1982 मध्ये 'डिस्को डान्सर'. देशात डिस्कोची साथ आली. त्याच 1982 साली चरणजीत सिंगांनी तीन जपानी यंत्रे एकत्र मांडली. तिन्ही रोलंड कंपनीची. जुपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ठेक्याचे यंत्र आणि टीबी-303 हे बासचे. हे शेवटचे त्यांनी सिंगापूरहून आणले होते. तबला बंद, ढप् ढप् चालू, आणि त्यावर दहा राग. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत झाले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली आणि ती अजिबात चालली नाही. डिस्कोवाल्यांना त्यात गाणे सापडेना, रागवाल्यांना त्यात माणूस सापडेना. वर्ध्यात एक प्रत खपली, तीही संधिविग्रहामुळे.

या टीबी-303 ची कथा मला स्वतःला फार जवळची वाटते. हे यंत्र कशासाठी केले होते, तर एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथीला बासवाला हवा म्हणून. पण त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा येत नसे आणि त्यात स्वर भरणे इतके किचकट की लोक कंटाळून जात. दहाएक हजार नग निघाले आणि 1984 मध्ये उत्पादन बंद झाले. ज्या कामासाठी नेमणूक झाली ते काम येत नाही, म्हणून नापास. मग अमेरिकेत ही यंत्रे जुन्या बाजारात मातीमोल भावाने गेली. शिकागोच्या काही पोरांनी त्यातले एक घेतले आणि बटणे वाटेल तशी पिरगाळली. त्यातून तोच आपला चिखलातला चपलेचा आवाज निघाला. 1987 मध्ये 'फ्यूचर' या नावाने त्यांनी रेकॉर्ड काढली आणि त्या आवाजावर एक आख्खा संगीतप्रकार उभा राहिला. त्याला 'अॅसिड हाऊस' म्हणतात. इंग्लंडमधली तरुण पिढी त्यावर रात्र रात्र नाचली. आणि आमच्या माळ्यावर तो आवाज त्याच्या पाच वर्षे आधीचा पडलेला होता!

असे का व्हावे, याचा मी माझ्यापुरता विचार केला आहे. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. जपानी माणसाने ती बास गिटारची नक्कल म्हणून ठेवली. आपल्या माणसाला त्यात मींड दिसली. बस्स. शिकागोच्या पोरांना बटण पिरगाळता पिरगाळता जे सापडले, त्याच्या आसपास चरणजीत सिंग तोडी नि मालकंस वाजवता वाजवता पोचले होते. त्यांना काही नवा संगीतप्रकार शोधायचा नव्हता. चाललेल्या लाटेत काही वेगळे करून बघू, एवढाच सरळ विचार.

ज्या वर्षी गुरुजी टोपी घेऊन उठले, त्याच 1983 साली बँकांची व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या काळातले हेडक्लार्क अजून होते. ते सांगत, तेव्हा आम्ही गेटवर घोषणा दिल्या, आणि मग तेच संगणकासमोर बसून पत्त्यांचा खेळ खेळत निवृत्त झाले. लेजरवर ज्यांचे अक्षर मोत्यासारखे होते, त्यांचे काय झाले हे मात्र कुठल्या करारात लिहिलेले नाही. गुरुजींच्या शिकवण्याही पुढे कमी झाल्या. मुलांना कॅसिओ हवा होता. दहा वर्षांनी त्यांनी स्वतःच इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. बाबांनी विचारले तर म्हणाले, "तानपुऱ्याची गोष्ट निराळी आहे, सर. त्याला हात कुठे असतो!"

तर या सगळ्याचा मला पत्ता कसा लागला? दोन वर्षांपूर्वी आमच्या शाखेत पुण्याचा एक तरुण अधिकारी आला. कानात कायम ते पांढरे बोंडुक. शनिवार-रविवार पुण्याला जाई आणि सोमवारी डोळे चोळत येई. तिथे कुणाच्या तरी गच्चीवर अशाच यंत्रसंगीताची रात्र असते म्हणे. जाहिरात नसते, फलक नसतो, ज्याला कळायचे त्याला कळते. आमच्या शाखेच्या कर्जमेळाव्यासारखेच. एकदा डबा खाताना त्याने फोनवर मला एक चित्र दाखवले. "सर, हे ऐकलंय? चरणजीत सिंग. आख्ख्या जगात लेजंड आहे. एका डच माणसाला 2002 साली दिल्लीत ही रेकॉर्ड सापडली."

त्या डच माणसाचे नाव एडो बाउमन. रेकॉर्ड ऐकून तो चक्रावला आणि पुढे मुंबईत चरणजीत सिंगांचे घर शोधून काढले. 2010 साली त्याने आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या छोट्या कंपनीतर्फे ती पुन्हा छापली. तेव्हा युरोपात कित्येकांचा विश्वासच बसेना. 1982 साली मुंबईत हे शक्य नाही, कुणीतरी हल्लीच्या खोडकर संगीतकाराने जुने कव्हर करून बनवलेली ही थट्टा आहे, अशी चर्चा झाली. आमच्या बाबांच्या दिवाणखान्यात त्यांनी सांबारवड्या खाल्ल्या असत्या तर शंका उरली नसती. मग सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग युरोपात जाऊन तरुण पोरांसमोर दहा राग वाजवून आले. 2015 मध्ये मुंबईत ते वारले. ज्या माणसाला तीस वर्षांनी थकबाकीसकट दाद मिळाली, असा दुसरा माझ्या माहितीत नाही.

मी पोळीचा घास हातात धरून त्या चित्राकडे बघत होतो. "ही आमच्याकडे आहे," मी म्हणालो.

त्या पोराच्या हातून डबा पडायचा राहिला. "ओरिजिनल? एचएमव्हीची? सर, शेकडो डॉलर मिळतात त्याला! कंडिशन कशी आहे?"

"कंडिशन," मी म्हणालो, "जरा वाकलेली आहे."

त्या संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन मनीप्लँट बाजूला केले. माती खरवडली. मधल्या भोकाभोवती लेबलचा एक तुकडा अजून चिकटलेला होता. हिशेबात घसारा नावाचा प्रकार असतो. वस्तू दरवर्षी थोडी थोडी मरते असे धरून आपण तिची किंमत उतरवत जातो आणि शेवटी वहीत एक रुपया ठेवतो. वस्तू पुन्हा जिवंत झाली तर काय करायचे, हे बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत शिकवत नाहीत. आणि इथे तर एक वस्तू नव्हे, जातच जिवंत झाली आहे. आपल्याकडे कॅसेटने नव्वदच्या दशकात लाँगप्लेचा निकाल लावला. मग सीडीने कॅसेटचा लावला. आणि 2022 साली अमेरिकेत लाँगप्ले सीडीपेक्षा जास्त नग खपल्या. 2024 मध्ये मुंबईत तबकड्या छापण्याचा नवा कारखानासुद्धा निघाला आहे. कार्यानुभवाच्या त्या बाईंना हे कळवावेसे वाटते.

सौ.ला न सांगता मी त्या पोरामार्फत पुनर्मुद्रित प्रत मागवली. परदेशातून आली. किंमत मीही घरात सांगितलेली नाही. घराण्याची रीत आहे. फिएस्टाची सुई आणि पट्टा नागपूरच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने बदलून दिला. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी ती बाबांसमोर ठेवली. बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ऐकायचे यंत्र लावतात, तेही जपानी निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्यांनी कव्हर जवळ धरले, लांब धरले.

"डिस्क कंपनी," ते म्हणाले.

"हो. नवीन छापली. बाहेरच्या लोकांनी."

"मूर्ख झाले का ते?"

मी सगळी हकीकत सांगितली. शिकागो, डच माणूस, पाच वर्षे आधी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मी सुई ठेवायला गेलो तसे म्हणाले, "पहिलं सोड. दुसऱ्यापासून लाव."

ललतपासून लावली. ढप् ढप् ढप् ढप्. आतून आई म्हणाली, "अगं बाई, मोटार बिघडली का?" बाबा डोळे मिटून बसले. भूपाळी झाली, तोडी झाली, मधुवंती झाली. मी रेकॉर्ड उलटवली. मला वाटले त्यांना झोप लागली असावी. मालकंस सुरू झाला आणि दोनेक मिनिटांनी त्यांनी एकदम हात वर केला.

"थांब. आता अडकेल."

"काय अडकेल?"

"सुई. या मध्यमावर अडकते ती. टिचकी मारावी लागते." आणि त्यांचे बोट टिचकीच्या तयारीत प्लेअरकडे गेले.

सुई अडकली नाही. प्रत नवी होती. मालकंस पुढे निघून गेला आणि बाबांचे बोट थोडा वेळ तसेच हवेत राहिले. सुई कुठल्या स्वरावर अडकते हे एकदा ऐकून कळत नाही, आणि टिचकी किती जोरात मारायची हे तर दहा-बारा वेळांनीही कळत नाही.

"तुम्ही ऐकत होता ही?" मी विचारले.

"गुरुवारी. तुझी शाळा, आईची भिशी. गुरुजींना बोलू नकोस." गुरुजींना जाऊन पंधरा वर्षे झाली.

"मग मी कुंडी केली तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू 'अ' श्रेणी घेऊन आला होतास ना," बाबा म्हणाले. "वर्गातल्या सगळ्यांना दाखवली म्हणून सांगत होतास."

बैरागी संपला. सुई आतल्या रिकाम्या खाचेत खर्र खर्र फिरू लागली. मी झाकण लावायला उठलो, तर बाबांनी हातानेच बसवले.

"उलटव. आता पहिलं लाव," ते म्हणाले. "भैरवी राहिली."